सर्व्हरवरचा अंजूचा कप्पा

१२ फेब्रु. २०१२, गोंदिया
सकाळपासून लाइट नाही. राइस मिलचं सॉफ्टवेअर पुन्हा अर्धवट. कामातली जोडीदार अंजू, तिच्याशी बोलून ठरवलं: सर्व्हर नागपुरात भाड्यानं घ्यायचा, इथून लॅपटॉप अन् डोंगलवर काम करायचं. एकाच मशीनचे तीन कप्पे. माझा, अंजूचा, टेस्टिंगचा. एकानं गोंधळ घातला तरी दुसऱ्याचं बिघडत नाही. हार्डवेअरमधलं तिलाच कळतं. मला नुसता उत्साह.

१५ फेब्रु.
सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या नागपूरच्या होस्टिंगवाल्याला काय काय हवं त्याची यादी कळवली. त्यात मी इन्व्हर्टर अन् बॅटरीही लिहिली. तो हसतच सुटला. "भैया, बिजली का टेन्शन हमारा." गोंदियात राहून माणूस दुसरं काय मागणार? अंजूला सांगितलं. हसली नाही.

१६ फेब्रु.
का ते कळलं. तिच्या बाबांनी रायपूरचं स्थळ पक्कं केलं. लग्नासाठी माझं नाव तिनं घरी मागेच काढून पाहिलं होतं. जात आडवी आली. मला हे आज सांगते. जेवण गेलं नाही.

२० फेब्रु.
डोक्यात एकच. सर्व्हर नागपुरात, म्हणजे रायपूरहूनही तिला काम करता येईल! रॅम दुप्पट मागितली. डिस्क जोडीनं, एक गेली तरी तिचं काही हरवायला नको. होस्टिंगवाला म्हणतो, एवढं लागत नाही. त्याला काय कळतं.

२३ फेब्रु.
अंजू आली. सर्व्हरची सगळी यादी वाचली. रॅमच्या आकड्यावर बोट ठेवून बसून राहिली.
"माझा कप्पा कायले ठेवून राहिला?"
सासरचे नको म्हणतात का, विचारलं.
"त्यायची हरकत नाई. मीच नाई म्हणून राहिली. रोज तुयासंग त्या मशीनवर बसली, तं तिकडं नांदू कशी?"
रडू आलं. तिच्यासमोरच. तीही...
जाताना प्रोसेसर मात्र बदलून दिला. मी निवडलेला जुना होता म्हणे.

२६ फेब्रु.
होस्टिंगवाल्याचा फोन. कप्पे दोन की तीन? कल बताता हूँ म्हणालो. दोन पुरतात, कळतं मला. कोणी येणारच नसलं अन् कप्पा तसाच चालू ठेवला, तर मशीनला काही त्रास होतो का, ते विचारायचं होतं. लाज वाटली. असलं काही अडलं की मी अंजूलाच विचारतो.