कात्री नावाची मांजरी आणि उजव्या हाताची शिवण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, कै. थोरल्या सुताराची बायको, धंदा खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवणे (हल्ली गुडघ्यांमुळे बंद), पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि कुणाचीही भीड न बाळगता ही व्यवस्था लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला, आणि त्यांच्या खुर्चीचं कुशन उलटं बसवलंय हेही सांगितलं. आधी केलेलं मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावं. त्यात मांजर नव्हतं.

वकिलांनी मागितलेला खुलासा: या कागदात ‘कात्री’ म्हणजे माझी मांजरी, वय सुमारे एक वर्ष, रंग राखाडी, शेपटीचं टोक पांढरं. कापड कापायच्या हत्याराला मी ‘कातर’ म्हटलं आहे. दोन्हींची सरमिसळ करून वारसांनी भांडू नये.

कलम एक. राहतं घर, मागची कामाची खोली आणि बँकेत जे काही असेल ते मुलगा आणि मुलगी यांना निम्मंनिम्मं. मुलाने जास्त मागू नये आणि मुलीने मोठेपणाने सोडून देऊ नये. सोडून दिलेलं माणूस विसरत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे.

कलम दोन. ह्यांचे रंधे, पटाश्या आणि करवती मुलाला. तो दिवसभर कॉम्प्युटरवर काम करतो, पण हत्यारं भिंतीवर शोभेला टांगू नयेत. महिन्यातून एकदा तेल द्यावं आणि वर्षातून एकदा तरी काहीतरी वाकडंतिकडं बनवावं. ह्यांचं पहिलं स्टूलही तीनच पायांवर टेकत असे. माझी कातर आणि दाभणं मुलीला. समोरच्या शिंप्याने मागितली तर देऊ नयेत. त्याला एकदा कातर उसनी दिली होती, तर त्या कातरीने त्याने पुठ्ठा कापला. मी त्याला माफ केलेलं नाही आणि मरणाने त्यात फरक पडणार नाही.

कलम तीन. कात्रीबद्दल. हे कलम लांब आहे. वकील म्हणाले, थोडक्यात लिहा. मी म्हटलं, तुमच्या घरात मांजर नाही.

हे गेल्यावर घर फार शांत झालं. दोन वर्षं मी ते सोसलं. मग मुलीने एका खोक्यातून हे तीन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि सोबत म्हणून ठेवून ती आपल्या नोकरीच्या गावी निघून गेली. पहिल्या आठवड्यात सोबतीने पडदे खालून वर फाडले, फोमचा गुंडाळा कुरतडून त्याचा भुगा केला, कपाटावरच्या दोन बरण्या ढकलून दिल्या आणि त्या कशा पडतात हे वाकून पाहिलं. मी गुंडाळलेल्या कागदाने मारलं, तर ती पलंगाखाली बसून राहिली आणि बाहेर आल्यावर दुप्पट फाडलं. पाणी शिंपडलं, तर मी दिसले की लपायची आणि पाठ वळली की सुरू. न्हाणीघरात कोंडलं, तर दाराचा रंग खरवडला. जन्मभर मी कापड चढवलं आणि म्हातारपणी कापड उतरवणारी घरात आली. म्हणून तिचं नाव कात्री.

तिचा सगळ्यात जास्त जीव ह्यांच्या खुर्चीवर. बाहेरच्या खोलीतली ती मोठी हातांची खुर्ची. मागचे पाय रोवून ती उभी राहायची आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर नखं ओढायची, आज उजवा, उद्या डावा. महिनाभरात चिंध्या झाल्या. मुलगा फोनवर म्हणाला, आई, देऊन टाक ते. कोपऱ्यावरच्या वाण्याला उंदरांसाठी मांजर हवंच होतं. शनिवारी नेऊन द्यायचं ठरलं. शुक्रवारी दुपारी मी खुर्ची आडवी पाडून, फाटलेलं उसवायला बसले.

कलम चार. त्या खुर्चीबद्दल, आणि माझ्या धाकट्या जावेबद्दल.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्याला एका नाट्यगृहाच्या एकशे वीस खुर्च्यांचं काम मिळालं होतं. हे आणि धाकटे दीर सांगाडे करायचे, मी आणि जाऊ कापड शिवायचो. ते दिवस मला अजून वासासकट आठवतात: ताजा भुसा, सरस, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात उडणारा काथ्या. आम्ही दोघी समोरासमोर बसून निम्म्या निम्म्या खुर्च्या शिवल्या. मध्येच ती म्हणाली होती की हा दोरा कच्चा आहे, बदलू या. दोरा मी आणलेला. मी म्हणाले, “दोरा कच्चा नसतो, हात कच्चा असतो.” ती पुन्हा शिवायला लागली. शेवटच्या दिवशी उरलेल्या कापडातून ह्यांच्या खुर्चीला कापड चढवलं. आधी कोण संपवतं अशी पैज लावून उजवा हात मी शिवला, डावा तिने. ती हरली आणि हसली.

दोन महिन्यांत तीसेक खुर्च्या शिवणी उसवून परत आल्या. मी कारखान्यातल्या आठ कारागिरांसमोर जावेला बोलले. कामचुकार म्हणाले, आणखीही बरंच बोलले. तिने बोटातलं अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून दीरही आले नाहीत. दोघे भाऊ पुढे एकाच रस्त्याने दोन बाजूंनी चालायचे. दीर वारले तेव्हा हे एकटेच स्मशानात गेले, सगळ्यांच्या मागे उभे राहून आले, आणि संध्याकाळपर्यंत एका फळीला रंधा मारत बसले. त्या फळीचं काही करायचं नव्हतं. दोन वर्षांनी हेही गेले.

त्या शुक्रवारी मी खुर्चीचा उजवा हात पाहिला. माझी शिवण वरपासून खालपर्यंत उघडी पडली होती आणि दोरा चिमटीत धरताच तुटत होता. डाव्या हाताचं कापड तितकंच फाटलेलं, पण शिवण जागच्या जागी. मी ती दाभणाने उचकटून पाहिली. प्रत्येक टाका दुहेरी होता. दोरा कच्चा आहे हे ओळखून तिने मुकाट्याने दुप्पट काम केलं होतं. नाट्यगृहातून परत आलेल्या खुर्च्या माझ्या होत्या.

मांजर त्या दिवशी माझ्या मांडीवर येऊन बसलं. मी उठवलं नाही. शनिवारी वाण्याकडे गेले नाही, जावेकडे गेले.

तिने दार उघडलं. मी पिशवीतून दोन्ही हातांचं कापड काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि एकोणीस वर्षांनी पहिलं वाक्य बोलली, “मांजर पाळलंत?”

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला माहीत होतं. खुर्च्या परत आल्या त्याच दिवशी तिने त्या उलट्या करून पाहिल्या होत्या. मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

“तेव्हा तुम्ही ऐकणार नव्हता, ताई. मग मलाही राग आला. तो पुरला एकोणीस वर्षं.”

मी तिची माफी मागितली. तिने चहा टाकला. कप माझ्या हातात देताना म्हणाली, “मला एकटीला सांगून काय उपयोग? तेव्हा आठ जण होते.”

कलम पाच. कात्री माझ्या पश्चात जावेकडे राहावी आणि जावेनंतर मुलीकडे. कारण मांजर कसं सांभाळायचं ते जावेनेच मला शिकवलं. तिने आजवर चार मांजरं वाढवली आहेत. दुसऱ्याच दिवशी ती आली, कात्रीकडे बघून म्हणाली की ही वाईट नाही, ही तरुण आहे आणि दिवसभर रिकामी आहे. नखं ओढणं हा तिचा धर्म आहे, जागा तेवढी आपण द्यायची. मग कामाच्या खोलीतून ह्यांनी ठेवलेला मच्छरदाणीच्या पलंगाचा एक उंच खांब काढला, फळीवर घट्ट ठोकला आणि आम्ही दोघींनी त्याला काथ्याची दोरी गुंडाळली. एकीने ओढून धरायची, दुसरीने बारीक खिळा ठोकायचा. काही बोलावं लागलं नाही, हातांना अजून क्रम ठाऊक होता.

जो सांभाळेल त्याने हे पाळावं. खांब खुर्चीच्या शेजारीच ठेवावा, कोपऱ्यात नाही. तो हलता कामा नये आणि ती पूर्ण ताणून उभी राहील इतका उंच असावा. सकाळ-संध्याकाळ दोरीला पीस बांधून तिला दमेपर्यंत खेळवावं आणि मगच खायला घालावं. नखांची टोकं पंधरवड्याला कापावीत. खांबावर नखं ओढली की शाबासकी द्यावी. मारू नये. मारल्याने ती फाडायचं सोडत नाही, आपल्याकडे यायचं सोडते. हे मला माणसांच्या बाबतीत आधी कळायला हवं होतं.

आता ती आठवड्यातून एखादवेळ खुर्चीवर घसरते. तेवढं चालायचं.

कलम सहा. ह्यांची खुर्ची जावेला. उजवा हात मी नवा शिवला आहे, दुहेरी टाक्याने. डाव्याला तिचंच जुनं कापड, तिच्या शिवणीसकट, परत चढवलं आहे.

कलम सात. मी, वर लिहिलेली, कबूल करते की नाट्यगृहाच्या ज्या खुर्च्या उसवल्या त्या मी शिवल्या होत्या. कच्चा दोरा मी आणला होता. धाकट्या जावेचा हात कच्चा नव्हता, तो आमच्या कारखान्यातला सगळ्यात पक्का हात होता. मी तिला आठ जणांसमोर खोटं ठरवलं आणि दोन भावांची ताटातूट केली. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता, सही होण्यापूर्वी साक्षीदारांसमोर मी स्वतः मोठ्याने वाचणार आहे.

त्या आठांपैकी पाच आता नाहीत आणि एकाचा ठावठिकाणा लागला नाही. उरलेले दोघे साक्षीला बोलावले आहेत. जाऊ हजर आहे, पण तिला वाटा मिळत असल्याने तिची सही चालत नाही.

स्थळ: राहत्या घराची बाहेरची खोली. दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी अकरा.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: (सही) आमच्या कारखान्यातला जुना करवत्या, वय ६८.

साक्षीदार २: (सही) आमच्या कारखान्यातला जुना पॉलिशवाला, वय ७७. यांना कमी ऐकू येतं, म्हणून कलम सात दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभं राहून.