राहुकाळाच्या आत

८ जून १९५९, सोमवार

पंखा पुन्हा बंद. म्हणजे आमचा. मॅनेजर वरदन यांच्या खोलीतला गरगर फिरतोय. विचारलं तर म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अम्मा, थोडं चालवून घ्या. पाऊस आला की गार होईल." पाऊस आला की छप्पर गळतं, ते कुणाला सांगायचं?

ऑफिसात बाई मी एकटी, म्हणून बाईची सोय नाही. अजून मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या घरी जावं लागतं. त्याची बायको बिचारी काही म्हणत नाही, उलट दर खेपेला कॉफी पाजते. म्हणजे तासाभरात पुन्हा पंचाईत.

दुपारी वरदन दाराशी थांबून हळूच म्हणाले, जुलैपासून मला कायम करायचं धण्यांच्या, म्हणजे मालकांच्या, मनात आहे. टेलिफोन आणि टायपिंग, दोन्ही कामांवर. इतके दिवस हंगामी, हंगामी ऐकून कान किटले होते. घरी सांगितलं नाही. आईला कळलं तर आधी देवापुढे साखर आणि मग सगळ्या चामराजपेटेत बातमी.

९ जून, मंगळवार

आज काय झालं ते लिहून ठेवते.

मंगळवार आमच्या पेपराचा घातवार. एरवी पान साडेतीनला मशीनवर चढतं. मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाळ, आणि धण्यांचा नियम आहे की राहुकाळात मशीन सुरू करायचं नाही. साडेचारनंतर छापलं तर संध्याकाळच्या गाड्या चुकतात. म्हणून तीनच्या आत. बातमी पिकलेली असो की कच्ची.

धणी ऑफिसात पाऊल टाकत नाहीत. बसवनगुडीच्या घरून फोनवर पेपर चालवतात. लिहून कधी काही देत नाहीत. ते माझ्या कानात बोलतात, मी खोलीला सांगते.

आज अडीचच्या सुमाराला आमच्या बातमीदाराचा एका पोलीस ठाण्यातून फोन. बेळ्ळंदूरच्या तळ्यात बांधावरून मोटार कोसळली. आत दोघं. एका दवाखान्यातला कंपाउंडर नंजुंडय्या गाडी चालवत होता, शेजारी एक व्यापारी. एक गेला, एक इस्पितळात. कोण गेला ते ठाण्यात माहीत नाही. इस्पितळाची लाईन लागेना. मी फिरवतेय, फिरवतेय, टूं टूं टूं.

शेषगिरी आमचे मुख्य उपसंपादक. (पुढे नुसतं शे. लिहीन.) त्यांनी लिहिलं, "दोघांपैकी एक मृत्युमुखी." आणि म्हणाले, नावं कळेपर्यंत थांबू, नाही कळलं तर असंच जाऊ दे.

तेवढ्यात धण्यांचा फोन. मी वाचून दाखवलं. म्हणाले, "नावाशिवाय पेपर कोण घेईल? चालवत होता तोच गेला असणार. नाव घाला." मी म्हटलं, शे. थांबू या म्हणतात. तर नेहमीचं वाक्य: "राहू कुणाचा पाहुणा नाही अम्मा, थांबायला." आणि फोन ठेवला.

मी जसंच्या तसं सांगितलं. शे.नी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाव घातलं.

नंजुंडय्या जिवंत आहे.

१० जून, बुधवार

काय झालं ते आज तुकड्यातुकड्यांनी कळलं. काल संध्याकाळी पेपरवाला त्याच्या गल्लीतून त्याचं नाव ओरडत गेला. घरात बायको एकटी. शेजारणी जमल्या, कुणीतरी पेपर वाचून दाखवला, आणि त्या म्हाताऱ्या बायांना घाई केवढी! बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. दिवेलागणीला हा डोक्याला पट्टी बांधून टांग्यातून उतरला. बायको त्याला बघून किंचाळली म्हणे.

आता तिथल्या बायका म्हणतात, नवरा जिवंत असताना बांगड्या फुटल्या, हा मोठा अपशकुन. शांत करा, होम करा. सासू तिला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. चूक आमच्या पानाची आणि शिवायचं नाही कुणी, तर तिला!

धण्यांना अपशकुनाचं कळल्यापासून त्यांचा आवाज बसलाय. फोनवर वरदनना म्हणाले (मीच जोडून दिला), "हे पाप माझ्या पेपराच्या माथी नको. ज्याने नाव घातलं त्याचं त्याच्या माथी."

दुपारी शे.ना उद्यापासून येऊ नका. चौकशी होईपर्यंत. तेही फोनवरून, माझ्याच तोंडून. मी म्हटलं, "सर, धणी म्हणतात..." आणि पुढे बोलवेना. तेच म्हणाले, "कळलं अम्मा. सरी, ठीक आहे." टेबलावरची शाईची दौत बंद केली, छत्री घेतली, गेले.

माझ्याकडे एकदाही रागाने बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

१२ जून, शुक्रवार

वरदननी खोलीत बोलावलं. पंख्याखाली बसवलं! कॉफी मागवली!

"मंगळवारी दोनला चौकशी. धणी स्वतः येणार. तुम्हांला एवढंच विचारतील, धण्यांचा फोन आला होता का."

"आला होता की."

"बातमीचा फोन आला. पण त्यानंतर धण्यांचा आला नाही. आठवून बघा."

"आठवूनच सांगतेय, सर."

ते हसले. "अम्मा, जुलै जवळ आला."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळायला मी. कॉफी तशीच ठेवून उठले. खरं म्हणजे प्यायचा मोह झाला होता, पंखाही छान लागत होता. त्याचाच जास्त राग आला.

१४ जून, रविवार

घरी सांगितलं. सांगायला नको होतं.

अण्णा, माझा मोठा भाऊ, ताट बाजूला सारून म्हणाला, "कमळे, तू स्वल्प गप्प बस. मालकाविरुद्ध साक्ष दिलेली पोर म्हणून नाव झालं तर उद्या दुसरीकडे कोण ठेवील तुला? आणि कानावर पडलेलं बोलणं. हवेतलं. तू एकटीने ऐकलंस. ते नाही म्हणाले की तू खोटी."

वहिनी उठून भांडी घासायला बसली. घासताघासता म्हणाली, "त्या बाईनं नव्या बांगड्या भरल्या का हो? शनिवारी वटपौर्णिमा आहे. वडाला कशी जाणार ती?"

अण्णाचं चुकत नाही, हीच अडचण आहे. मी एकटीने ऐकलं. सगळा पेपर माझ्या एका कानावर चालतो आणि त्या कानाला किंमत नाही. मला ही नोकरी हवी आहे. मला ते टेबल, तो काळा फोन, सकाळी पहिल्यांदा "नमस्कार, ऑफिस" म्हणणं, सगळं हवं आहे. घरात मी अण्णाची बहीण. तिथे मी मी असते. आणि ते सोडायची मला भीती वाटते, खूप वाटते.

१५ जून, सोमवार

शे. दिसले. चिक्कपेटेच्या कोपऱ्यावर, हातात भाजीची पिशवी. मी रस्ता ओलांडून गेले. म्हटलं, सर, उद्या मला विचारणार आहेत. ते म्हणाले, "तुला कायम करणार आहेत असं ऐकलं." बस. पुढे दोडक्याचा भाव कसा वाढलाय ते सांगत राहिले. मग निघताना, "मी नाव घालायला नको होतं अम्मा. हात माझा होता." 

हात त्यांचा. तोंड माझं. आणि ज्यांचं डोकं, ते कुठेच नाहीत.

आज जेवण गेलं नाही. आईला पोट दुखतंय सांगितलं.

१६ जून, मंगळवार

चौकशी झाली. झाली म्हणजे अर्धी.

धणी आले. रेशमी उपरणं, कपाळावर गंध, आणि पायऱ्या चढतानाच घड्याळाकडे बघत. दोनची वेळ, पण वाटेत मांजर आडवं गेलं म्हणून परत घरी जाऊन आले. सुरुवातच अडीचनंतर. बातमीच्या खोलीतच खुर्च्या मांडल्या. शे. उभे. सगळे आपापल्या टेबलाशी माना खाली घालून. छपाईचे खिळे जुळवणारेसुद्धा दारात येऊन थांबलेले.

वरदननी भराभर सगळं वाचल्यासारखं बोलून घेतलं. मग मला. "त्या दिवशी धण्यांचा फोन आला नव्हता, बरोबर?"

बरोबर म्हणून मोकळी होणार होते. खरंच. ओठावर आलं होतं. पण धण्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, घड्याळाकडे बघितलं. मी म्हणजे वाटेतलं मांजर.

"आला होता," मी म्हटलं. "चालवत होता तोच गेला असणार, नाव घाला, म्हणाले."

धणी शांतपणे म्हणाले, "हिला भास झाला. मी तेव्हा पूजेला बसलो होतो."

"मी थांबू या म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, राहू कुणाचा पाहुणा नाही अम्मा, थांबायला."

खोलीत कुणीतरी खाकरलं. मग दारातल्या जुळाऱ्यांपैकी एकाला हसू आवरेना, तो बाहेर पळाला. हे वाक्य आमच्यात दुसरं कोण बोलतं? दर मंगळवारी सगळ्यांनी माझ्या तोंडून ते धण्यांचं म्हणून ऐकलेलं.

धण्यांचं गंध घामाने ओघळलं. काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात घड्याळाचे तीन ठोके पडले आणि ते उठलेच. "राहुकाळात निकाल द्यायचा नाही. नंतर बघू." उपरणं सावरत गेले.

नंतर म्हणजे कधी? कुणी विचारलं नाही. आजचा पेपर साडेचारनंतर छापला. गाड्या चुकल्या. जग बुडालं नाही.

शे.नी जाताना माझ्या टेबलावर हात टेकला. तेवढंच.

२० जून, शनिवार

वटपौर्णिमा. वहिनीबरोबर वडाला गेले, आपली सोबत म्हणून. येताना तिने मला बळेपेटेत ओढत नेलं, हिरव्या बांगड्या घेतल्या, आणि आम्ही दोघी पत्ता विचारत नंजुंडय्याच्या घरी गेलो.

दार त्याच्या बायकोनेच उघडलं. लहान आहे, माझ्याहून लहान. हात उघडेच होते. वहिनीने उंबऱ्यावर बसून तिला बांगड्या भरल्या. सासू आतून बडबडत होती. मला ती पोर म्हणाली, "अक्का, तुम्ही कोण?"

मी पेपरातली, म्हणवेना. मग म्हटलं. म्हटलं, तुमच्या नवऱ्याचं नाव ज्यांनी घालायला सांगितलं त्यांचा निरोप मी दिला. तिने हातातल्या नव्या बांगड्या मागे सारल्या. म्हणाली, "मग आता पुढच्या वेळी कुणाचं घालाल?"

मी चपला घालून निघाले. रस्ताभर वहिनीने माझा हात धरला होता.

२३ जून, मंगळवार

निकाल नाही. शे. घरीच. वरदन मला बघितलं की भिंतीकडे बघतात. कायम करण्याचं आता कुणी काढत नाही. काढून टाकायचंही नाही. नुसतं लोंबकळत ठेवलंय, आम्हां दोघांना.

शे.च्या खुर्चीत गोविंदय्या बसतात, दुसरे उपसंपादक. भित्रा माणूस, पण वाईट नाही.

हे टेबलावरच लिहितेय.

पावणेतीनच्या आधी बातमी आली, एका शाळेची भिंत पडली. मुलं आत होती की मधल्या सुट्टीत बाहेर, नक्की नाही. बातमीदार गेलाय, अजून फोन नाही. गोविंदय्यांनी "अधिक तपशील येणे आहे" लिहून हात आखडला.

मग धण्यांचा फोन. तेच. "मुलं दगावल्याची भीती, असं घाला. तीनच्या आत."

मी उभी राहिले. रिसीव्हर कानाला धरून, खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "धणी म्हणतात, मुलं दगावल्याची भीती असं घाला. तीनच्या आत. बरोबर ना, धणी?"

टाइपरायटर थांबले.

"कुणाला ऐकवतेस?" फोनमधून.

"धणी विचारतात, कुणाला ऐकवतेस?" मी मोठ्याने म्हटलं. "सगळ्यांना, धणी."

वरदन दारात आले. जुळारी आले. गोविंदय्यांनी टाक खाली ठेवला आणि घडी घातल्यासारखे हात मांडीवर घेतले.

"धणी, पुन्हा सांगा. मी पुन्हा म्हणते."

पलीकडून काही नाही.

आता तीन वाजले. मशीन सुरू झालेलं नाही. उजव्या हाताने लिहितेय, डाव्या हाताने रिसीव्हर कानाशी आहे. धण्यांनी फोन ठेवलेला नाही. श्वास ऐकू येतोय.