तीनशे डबे ताठ टोमॅटो

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा धरला आहे, तेव्हा आठापैकी सातच अंगं टेकली आहेत, आठवं भेटीअंती). आपली प्रकृती, वहिनींची कंबर आणि परसातला पंप ही तिन्ही ठीक चालत असावीत. इकडे आम्ही दोघं खुशाल. पत्रास कारण की, दादा, माझे टोमॅटो उभे राहिले! मंगळवारपासून मी हे ज्याला त्याला सांगत सुटलो आहे.

आमच्या कारखान्यात सोललेले अख्खे टोमॅटो डब्यात भरतात हे आपण जाणताच. टोमॅटो हा मुळात कच्च्या मनाचा. गरम पाण्यातून काढून डब्यात बंद केला की आत बसून हातपाय गाळतो, आणि डबा उघडावा तर अख्ख्या टोमॅटोऐवजी लगदा. त्यावर इलाज म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, एक पांढरं खनिज मीठ. रसात चिमूटभर पडलं की टोमॅटोच्या अंगात धमक येते. ते घालण्याचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे (लोक मला 'मीठवाले' म्हणतात, मी वाईट वाटून घेत नाही). महिनाअखेरीस आमच्या विभागाला नवा प्रमुख नेमायचा आहे. जुने प्रमुख निरोप घेताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते की मंगळवारचा माल खरेदीदाराच्या पसंतीस उतरला तर खुर्ची तुझीच. अकरा वर्षं मी त्या खुर्चीकडे बघतो आहे, दादा.

या मिठासारखं उत्साही मीठ दुसरं नाही. उघडं राहिलं की हवेतलं पाणी ओढून घेतं. मागे कपाटातली ओल जावी म्हणून मी वाटीभर घरी आणलं (विचारून), तुमच्या बहिणीच्या कपड्यांमागे ठेवलं आणि विसरलो. काही दिवसांनी बघतो तो वाटी पाण्याने काठोकाठ! भिंतीतला नळ गळतो म्हणून मी नळवाल्याला बोलावलं. त्याने भिंत फोडली, नळ कोरडा ठणठणीत निघाला, तेव्हा कुठे मला मिठाची आठवण झाली. भिंत अजून तशीच आहे. तुमची बहीण ती पाहुण्यांना दाखवते. या मिठाचा दुसरा गुण असा की पाण्यात टाकलं की खाली जाळ नसतानाही बादली कोमट होते. अकरा वर्षं झाली तरी मी दर वेळी बादलीला हात लावून बघतो आणि दर वेळी मला तितकीच गंमत वाटते.

तर मंगळवारी नवी गोण उघडली. नेहमीचं मीठ पापुद्र्यांचं असतं, हे निघालं बारीक दाणेदार. मी म्हटलं, वा, माल सुधारला! नेहमीच्या मापट्याने मोजून (वजनकाटा आहे, पण इतक्या वर्षांनंतर काट्याला विचारायचं म्हणजे स्वतःचं नाव शेजाऱ्याला विचारण्यासारखं) पाण्यात ओतलं आणि बादली अशी तापली की मी हात झटकन मागे घेतला. शहाणा माणूस इथे थांबला असता. मी हरखलो! वाटलं, आज काय दिवस आहे ते मिठालाही कळलं. (नंतर उलगडा झाला तो असा: पापुद्र्यांत मुळातच थोडं पाणी असतं, हे दाणे पार सुकवलेले, शिवाय बारीक म्हणून मापट्यात दाटून बसणारे. त्याच मापट्यातून जवळजवळ पावणेदोनपट मीठ गेलं होतं.)

दुपारी तपासणीच्या खोलीत सगळे जमले. लांब टेबल, चाळणी, बशा. एका बाजूला खरेदीदार, दुसऱ्या बाजूला मालक, आणि मधोमध पांढरी टोपी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून तुमची बहीण. कारण माल पास की नापास हे लिहिणं तिचं काम (चोवीस वर्षांच्या संसारात घरचंही हे खातं तिच्याकडेच आहे). पहिला डबा चाळणीवर ओतला. एकही टोमॅटो फुटला नाही! दुसरा ओतला, तिसरा ओतला. एक टोमॅटो टेबलावरून घरंगळून फरशीवर पडला आणि, दादा, अख्खाच्या अख्खा राहिला. खरेदीदाराने पळीने दाबून बघितला, तो दबेना. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्या दोन मिनिटांत मी मनाने खुर्चीवर बसून कुणाची रजा मंजूर करायची आणि कुणाची नाही तेही ठरवून टाकलं. मग तुमच्या बहिणीने एक फोड तोंडात टाकली. चावली. बराच वेळ चावली. खरेदीदारानेही घास घेतला आणि भारावून माझा हात धरून गदागदा हलवला. तेवढ्यात तिने वहीत लिहिलं: कडवट, तीनशे डबे नापास. मालक दबकत म्हणाले, "बाई, हे तुमचेच यजमान ना?" ती म्हणाली, "घरी. इथे ते मीठ घालतात."

मला लागलं, दादा. खोटं कशाला सांगू? पण असे टोमॅटो या कारखान्यात कधी झाले नव्हते, हे तीसुद्धा नाकारणार नाही. चव काय, पुढच्या खेपेला सुधारेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नापास तरीही ताठ मेहुणा

ता. क. मुख्य काम राहिलंच. ती जगात एकट्या तुमचं ऐकते. महिनाअखेरीच्या आत येऊन तिला एवढंच सांगा की 'नापास' खोडून 'पुन्हा तपासावे' असं लिही. दोनच शब्द, पण माझी खुर्ची त्यांच्यावर अडली आहे.

ता. क. २. या पत्राचा तिला सुगावा लागू देऊ नये. टपालपेटी तिच्या वाटेवर आहे म्हणून पाकीट तिच्याच हाती देतो आहे. दुसऱ्याचं पत्र वाचण्यातली ती नाही.

ता. क. ३. दादा, मी लिहिते आहे. पाकीट चिकटवायला ते विसरले. खरेदीदार त्यांचा हात हलवत होते ते पाणी मागायला. तुम्ही मात्र नक्की या, कारण वेगळं आहे. नवऱ्याचाही माल अडवला म्हणून मालकांनी ती खुर्ची मला दिली. मिठाचं काम त्यांच्याच हाती राहील, फक्त काट्यावर मोजून, अशी अट घालून मी हो म्हटलं. त्यांना अजून काही माहीत नाही. तीनशे डबे नापास करताना मी कचरले नाही, पण हे सांगणं माझ्याने होत नाही. तुम्ही सांगा. मी शेजारीच बसेन, पण त्यांच्या तोंडाकडे बघणार नाही.