मार्गी लागलेला कोट

ती. वन्सं यांना साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर माझी बोटं सुजलीत, अक्षर त्यामुळेच असं आलंय. (एरवी बरं असतं, तुम्ही जाणताच.)

वन्सं, तुमचे धाकटे बंधू निवृत्त झाले आणि एका व्याख्यानाला गेले, तिथून हे सुरू झालं. विषय होता घरातला कचरा कमी कसा करावा. परतले ते कचरा शून्य करण्याचा पण करूनच. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, इथवर माझी तक्रार नव्हती. पण एक दिवस गॅलरीतल्या दोरीवर, माझ्या चांगल्या टॉवेलशेजारी, केळ्यांची सालं दिसली, चिमटे लावून वाळत घातलेली. म्हणे वाळली की सुक्यात जातील, म्हणजे ओला कचरा शून्य! कचरागाडीवरच्या बाईंनी कपाळाला हात लावला. (जन्मभर पुलांचे नकाशे काढलेला माणूस, वन्सं. त्या पुलांवरून लोक जातात हो!)

तेही मी गिळलं. पण मंगळवारी जे झालं, ते गिळवत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे कोट शिवायला दिलाय. पुढच्या शनिवारी त्यांचा निरोपसमारंभ. कापड त्यांच्या वारलेल्या यजमानांनी आणलेलं, निळसर राखाडी, लोकरीचं. इतकी वर्षं कपाटात जपलं, आता कुठे शिवायचा धीर झाला. मी ते बेतलं, भाग टेबलावर मांडले आणि बाजारात जाताना म्हणाले, "ते कापलेलं सगळं आज मार्गी लावायचंय." स्वतःशीच म्हणाले हो! परत येते तर टेबल लख्ख, आणि हे माझ्या मशीनवर बसून घाम पुसताहेत. "लावलं मार्गी!" म्हणाले. चिंध्या समजून यांनी कोटाच्या पिशव्या शिवल्या आणि इमारतभर वाटून मोकळे झाले. वर प्रत्येकाला प्लास्टिक टाळण्याचा उपदेश!

भाजी मी दारातच टाकली. मग दारोदार हिंडले. उजवी बाही दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे, आत कांदे. डावी वॉचमनच्या खुंटीला, आत त्याचा डबा. (माणसाच्या जेवणाचा डबा उपसून पिशवी कशी मागायची? उभी राहिले तशीच.) पुढच्या एका भागात बूट घालून वरच्या मजल्यावरचे आजोबा ते शिवून घ्यायला निघाले होते, त्यांना जिन्यात गाठलं. आणि जो तो शिवणीचं कौतुक करतोय! शिवण पक्की आहे खरी, उसवता उसवता माझी नखं गेली. नशीब एवढंच की यांनी कात्री लावली नाही, नुसतं दुमडून शिवलं. काल मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला, किती झाला विचारायला. मी "होतोय" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचा माणूस गेला, आता त्याचं कापडही माझ्या घरातून गेलं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? हे बिचारे कोपऱ्यात बसून असतात. केळंसुद्धा खात नाहीत.

असो. मागणं काही नाही, मन मोकळं केलं इतकंच. जपून राहा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. मागणं काही नाही हे खोटं. यांनी मंगळवारीच तुम्हाला संत्र्याच्या वाळक्या सालांचं पार्सल केलंय. सालांचं काय ते तुमचं तुम्ही बघा. पण ती ज्या पिशवीत आहेत ती कापू नका, कुणाला देऊ नका आणि गरम पाण्यात तर मुळीच घालू नका, लोकर आटते.

ता. ता. क. कोटाचे बाकी सगळे भाग हाती आलेत, फक्त पाठ राहिलीय. मी या घरात आले तेव्हापासून तुम्ही म्हणता, "घाबरू नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे." वन्सं, पाठ तुमच्याकडेच आहे. पहिल्या गाडीने पाठवा.