टँकरच्या गाण्याला पहिला नंबर

१ जानेवारी १९८६, बुधवार
काल शिवमूर्तीच्या कॅसेटच्या दुकानापुढं वर्षातल्या पहिल्या नंबरच्या गाण्याचा माझा निकाल वाचला. पहिल्या आणि दुसऱ्या गाण्यात फरक फक्त अर्ध्या मार्काचा. पब्लिकनं श्वास रोखून धरला होता. पब्लिक म्हणजे शिवमूर्ती, आणि बिघडलेली कॅसेट परत करायला आलेला एक ऑटोवाला. तरी बी रोखला होता.
साडेतीन वर्षांमागं लातूर उस्मानाबादपासून सुटून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मी नांदेडहून बदली घेऊन इथं आलो. जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, एसपी मिळाला. गाण्याचा जाणकार मिळाला नव्हता. ती जागा मी भरली.
यंदाचे संकल्प : मार्क देताना पक्षपात करायचा नाही. लाडक्या गाण्याला शेवटच्या दिवशी ग्रेस मार्क द्यायचे नाहीत. बायकोला, म्हणजे सिंधुला, पाणी भरू लागायचं. सोमवारपासून.

६ जानेवारी, सोमवार
रेडिओच्या परभणी केंद्रावर नेमकी टँकर यायच्या टायमाला नवी गाणी. पाण्याचं पुढच्या सोमवारपासून.

९ मार्च
मार्काची पद्धत पक्की केली. आपण न लावता गाणं कानावर आलं, की एक मार्क. हॉटेलात, एसटीत, लग्नात, कुठं बी. भीमजयंतीची गाणी यात धरत नाही. त्यांना मार्क देणारा मी कोण?
सध्या ती गझल पुढं आहे, जिच्यात बाई खिडकीत बसून कुणाची तरी वाट बघते. लई क्लास चीज. यंदा एकतर्फी निकाल लागणार असं दिसून राहिलं.
नळाला दहा दिवसांत पाणी नाही. सिंधु म्हणाली, "अवो, टँकर आलाय, एक घागर तरी धरा." मी हातानं थांब म्हणालो. गझलेचा दुसरा अंतरा चालू होता. रेडिओ बंद करून बघतो तर ती गेलेली. माणसानं जरा दम धरायला पाहिजे.

२ मे
ऊन मरणाचं. विहिरी बुडाला गेल्या. ऑफिसात दिवसभर टंचाईच्या फायली. घरी आलो तर चहा नाही, पाणी बेतानं आहे म्हणे. कलावंत माणसाला घरात सपोर्ट मिळत नाही, हा माझा जुना अनुभव.

१९ जून
आज एक विचित्र गाणं ऐकलं. शिवमूर्ती आमच्याच कॉलनीतल्या टँकरवर टेपरेकॉर्डर घेऊन गेला होता. रांगेतल्या बाया गात होत्या, ते त्यानं भरून आणलं. पेटी नाही, तबला नाही. नुसत्या कळशा बडवलेल्या.

नळ कोरडा गं फुसफुसला
धन्याला माझ्या सूर गवसला
घागर माझ्या डोईवर गं
ठेका त्याच्या बोटांवर

शिवमूर्तीनं विचारलं, "कसं वाटलं, निवृत्तीराव?" मी म्हणालो, "ठीक. पण क्लास नाही." तो उगंच हसला. त्याला गाण्यातलं कळत नाही, फक्त विकता येतं.

३ जुलै
टँकरच्या गाण्याला मार्क द्यावे लागून राहिले. दालमिलच्या गेटवर वाजतं. गंजगोलाईच्या बाजारात वाजतं. ऑफिसचा शिपाई फाईल आणताना गुणगुणतो आणि मला बघून गप होतो. दरारा आहे अजून.
पाऊस नाही.

१५ ऑगस्ट
जिल्ह्याचा वाढदिवस. झेंडावंदन झाल्यावर स्पीकरवर देशभक्तीच्या दोन गाण्यांनंतर चक्क टँकरचं गाणं! नायब तहसीलदार साहेब माझ्याकडं बघून हसले. माझी रसिकता त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसते.
गझल आणि टँकर आता मागंपुढं चालले आहेत. मी गझलेच्या बाजूनं आहे, हे फक्त इथं लिहितो.

७ सप्टेंबर, रविवार
टँकरच्या गाण्याचा बारकाईनं अभ्यास केला. आवाज चांगलाच कसलेला आहे. शिकलेली गायिका असणार, औरंगाबादची नाहीतर हैदराबादची. रांगेतल्या बाईचा गळा असा नसतो. सिंधु भाकरी करता करता तेच गुणगुणत होती. मी म्हणालो, "तू जरा गप बस, मला ओरिजिनल ऐकू दे." ती गप बसली. भाकरी मात्र करपली.

२१ सप्टेंबर
गाण्यातला नवरा कोण, तेही शोधून काढलं. आमच्या शेजारचा संगप्पा. दालमिलमध्ये मुनीम आहे आणि संध्याकाळी पेटी बडवतो. दुसरा कोण असणार? आज त्याला घरी जाऊन समजावलं. म्हणालो, "संगप्पा, कलेचा नाद चांगला, पण बायकोचे हाल करू नये. गावभर नाव झालंय तुझं." त्यानं पेटी बाजूला सारली. म्हणाला, "मी तर रोज पहाटं चार घागरी आणतो की वो." त्याची बायको नागम्मा पदर तोंडाला लावून आत पळाली. शरमली बिचारी.
घरी येऊन हे सिंधुला सांगितलं. तिला एवढा ठसका लागला, की मला स्वतः उठून तिला पाणी द्यावं लागलं. संकल्प थोडा तरी पाळला.

९ नोव्हेंबर
दिवाळीपर्यंत गझल एका मार्कानं पुढं होती. दिवाळीला शिवमूर्तीला मुद्दाम म्हणालो, दुकानात गझल लावत जा. हा पक्षपात नव्हे, चांगल्या संगीताचा प्रचार आहे. त्यानं लावली. गिऱ्हाईकं म्हणाली, "हे रडगाणं बंद करा, टँकरवालं लावा." एकाच तासात टँकरला आठ मार्क. लातूरच्या पब्लिकनं मला दगा दिला.

३० नोव्हेंबर
संपलं सगळं. टँकर इतका पुढं गेला, की गझल धुळीतसुद्धा दिसत नाही. एवढा एकतर्फी निकाल माझ्या कारकिर्दीत कधी लागला नाही. मी स्वतः दाढी करताना तेच म्हणत होतो. आपलं तोंडच फितूर झाल्यावर कुणाकडं दाद मागायची?

७ डिसेंबर
हार मनावर घेणारा मी नाही. उलट प्लॅन मोठा केला. ३१ तारखेला दुकानापुढं मंडप, अध्यक्ष नायब तहसीलदार साहेब, आणि त्या अज्ञात गायिकेचा माझ्या हस्ते शाल-नारळ देऊन सत्कार. शिवमूर्ती म्हणाला, "तिला आणायचं माझ्याकडं लागलं." मी विचारलं, लांबून यायची का? म्हणाला, "लई लांब न्हाई."
सिंधुनं विचारलं, "मी यिऊ का?" मी म्हणालो, ये, तेवढीच गर्दी दिसंल. पण मागं बस.

३१ डिसेंबर, संध्याकाळ
दार लावून लिहितो.
मंडप भरला होता. सगळी कॉलनी, वर मिलमधल्या बाया. मी सविस्तर बोललो. लोकसंगीत, दुष्काळ, अभिजात गायकी. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग मी निकाल सांगितला आणि टाळ्यांचा कडकडाट. मी म्हणालो, "या गुणी गायिकेला मी स्टेजवर बोलावतो."
मागून सिंधु उठली.
मला वाटलं, मुतारीला चालली. मी तिला खूण केली, खाली बस. ती सरळ पुढं येऊन राहिली. मी पुन्हा खूण केली. शिवमूर्ती माईकवर म्हणाला, "आपल्या सिंधुवैनी!" बायांनी कळशा आणल्या होत्या. त्या वाजायला लागल्या, आणि सिंधु गायला लागली. तोच आवाज. वर्षभर मी ज्याला मार्क दिले, तो. आणि एक कडवं कॅसेटमध्ये नसलेलं :

कळशी वाजं गं रिकामी
म्हणतो ताल लई नामी

साहेब हसत हसत म्हणाले, "ह्या गाण्यातले धनी कोण म्हणायचे?" साऱ्या बायांनी एकदम माझ्याकडं बोट केलं. नागम्मानं दोन्ही हातांनी.
माझ्या हातात शाल होती. ती मी साहेबांच्या गळ्यात घातली.

१ जानेवारी १९८७, गुरुवार
सगळ्यांना माहीत होतं. शिवमूर्तीला, संगप्पाला, शिपायाला, साहेबांना. ज्या शिवमूर्तीला मी गाणं म्हणजे काय ते शिकवलं, त्यानंच ते माझ्या घरातून नेऊन मलाच ऐकवलं. त्याला जाब विचारला. म्हणाला, "तुम्हीच तर पहिला नंबर दिलाव."
रात्रभर सिंधुशी बोललो नव्हतो. सकाळी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगितलं की. गाणं भरलं त्या दिशीच. तुम्ही म्हणलाव, बातम्या झाल्यावर बोल. बातम्या झाल्या, मग तुमची ती खिडकीतली बाई लागली." मग एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "दुसऱ्यांदा सांगायचं माझ्या मनात न्हाई आलं."
मला हे काहीच आठवत नाही. याचा अर्थ तिनं हळू आवाजात सांगितलं असणार.

४ जानेवारी, रविवार
शांतपणे विचार केला. सूड, अबोला, बदलीचा अर्ज, तिन्ही रद्द. मुळात गाणं कुणामुळं झालं? मी जर रोज घागरी आणल्या असत्या, तर त्या बाईला सुचलं काय असतं? संगप्पा घागरी आणतो, आहे का त्याच्यावर एक तरी गाणं? म्हणजे या वर्षीच्या पहिल्या नंबरामागं प्रेरणा माझी. शिवमूर्तीला सांगितलं, कॅसेटच्या कव्हरवर तसं छाप. तो म्हणाला, "जागा न्हाई."

९ जानेवारी
नांदेडच्या महिला मंडळानं सिंधुला गायला बोलावलं. नागम्मासंगं सकाळच्या एसटीनं गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो. मास्तरणीसारखी पर्स घेतली होती, मला न विचारता. खिडकीतून म्हणाली, "रांजणात पाणी न्हाई. टँकर चारला यितो." बाकी काही नाही.
तिनं नवीन गाणं केलंय, असं स्टँडवर नागम्मा म्हणाली. मला म्हणून दाखवलं नाही. साहजिक आहे. ज्याच्यावर गाणं, त्याच्यासमोर म्हणायला लाज वाटते.

११ जानेवारी, रविवार
बादलीतल्या पाण्यावर दोन दिवस काढले, आज तेही संपलं. चारला घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलो. गडीमाणूस मी एकटाच. बायांची बडबड एकदम थांबली. पुढच्या बाईनं मागं वळून विचारलं, "सिंधुवैनीच्या गाण्यातले तुम्हीच ना?"
मी शर्ट नीट केला आणि "हाव, मीच" म्हणालो.
तिनं मला स्वतःच्या पुढं घेतलं. मान मिळतो, नाही असं नाही. पाणी भरेपर्यंत मी सहज विचारलं, नवीन गाणं तुमच्यापैकी कुणी ऐकलंय का. म्हणाली, "म्हंजी काय! इथंच तर बसवलं. आम्हा समद्यांस्नी पाठ हाय."
मी विचारलं, मग यावेळी माझ्यावर काय काय म्हटलंय?
ती म्हणाली, "तुम्ही न्हाईत त्याच्यात. ते टँकरच्या ड्रायव्हरावर हाय."