हात लागलेली माणसं

सोमवार, ४ मार्च

नोकरी लागली. तीही खिडकीजवळची खुर्ची आणि दोन वेळचा चहा मिळणारी. फोटो स्टुडिओ पहिल्या मजल्यावर आहे, खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान. जिना चढताना त्याच्या कानशीची किरकिर वरपर्यंत सोबत करते. मालकीण माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल, पण सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणाले. तिने विचारलं, कॉम्प्युटर कुठे शिकलात. खरं ते सांगितलं, की वाचनालयातली पुस्तकं आणि लेकीचं जुनं यंत्र. ती हसून म्हणाली, बरं झालं, क्लासमधून येणाऱ्यांना आधी सगळं विसरायला शिकवावं लागतं.

हे असते तर म्हणाले असते, घ्या, आता पगार घेऊन वाचा. पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते म्हणून मला चिडवायचे. ह्यांना जाऊन दुसरं वर्ष संपत आलं. संध्याकाळी लेकीने दार उघडून, या मॅडम, असं म्हणत माझी पिशवी घेतली. बऱ्याच दिवसांनी दोघी हसलो.

बुधवार, ६ मार्च

काम समजलं. लोक जुने, डागाळलेले फोटो आणतात. ते स्कॅन करायचे आणि फोटोतलं एकेक माणूस कापून वेगळ्या लेयरवर घ्यायचं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजावेत. एकावर आजोबा, एकावर खुर्ची, सगळ्यात खाली भिंत. प्रत्येक लेयरला नाव द्यायचं आणि शेवटी प्रत्येकाची स्वतंत्र फाइल करून ठेवायची. उद्या कुणाला नुसते आजोबा हवे झाले, तर नुसते आजोबा देता येतात. असा एकटा लेयर उघडला की माणसाच्या मागे काहीच नसतं. ना भिंत, ना जमीन. करड्या-पांढऱ्या चौकटी तेवढ्या. पहिल्यांदा पाहून मी खुर्ची मागे सरकवली. ताई म्हणाली, होते सवय.

तिचा नियम एकच. फोटोत ज्यांचा एकमेकांना हात लागलेला आहे, त्यांना एकाच लेयरवर ठेवायचं. मध्ये कापायचं नाही. मी कारण विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, कडा घाण येतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात. आज एक जावई भांडून गेला. त्याला फोटोतून सासरा काढून हवा होता आणि सासऱ्याने नेमका त्याचाच दंड धरलेला. ताईने त्याला सांगितलं, आता दोघांनी मिळूनच राहा.

मंगळवार, १२ मार्च

आमच्या बैठकीच्या खोलीत एक खिळा दोन वर्षं रिकामा आहे. ह्यांचा एकट्याचा धड फोटोच नाही. फोटो काढायची वेळ आली की कॅमेरा ह्यांच्याच हातात असायचा. तिघांचा एक आहे, तळ्याकाठचा, कुणा वाटसरूने काढून दिलेला. मी एका बाजूला, जराशी लांब, वाऱ्याने उडणारे केस आवरत. मध्ये लेक, निळ्या स्वेटरमध्ये. तिच्या पलीकडे हे, आणि ह्यांचा हात तिच्या उजव्या खांद्यावर. रस्ता ओलांडताना धरायचे तसा, घट्ट.

आज ताई जेवायला गेली तेव्हा तो स्कॅन केला.

कडा साफ कशा करायच्या ते माझ्या पुस्तकात दिलेलं आहे. मला वाटलं, ताईला जमत नसेल, मला जमेल. पण बोटं स्वेटरच्या लोकरीत रुतलेली होती. सुटी करायला गेले की तुटल्यासारखी दिसत. शेवटी खांद्याचा तेवढा तुकडा ह्यांच्याबरोबर घेतला आणि लेकीच्या बाजूची भोकं दुसरीकडची लोकर उचलून बुजवली. तीन लेयर. नावं दिली: हे, लेक, मी. तिन्ही वेगवेगळे सेव्ह केले.

ह्यांचा फोटो छापून आणला आणि खिळ्याला लावला. लेक बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, बाबा कुणाला तरी धरून उभे आहेत असं वाटतं. मी म्हटलं, तुलाच की. तर म्हणाली, मग मला का कापलंस. हसत म्हणाली. तरी लागलं.

शनिवार, १६ मार्च

लेकीचा उजवा खांदा अवघडलाय. उशीचं काहीतरी झालं म्हणते. तेल चोळून दिलं. खांदा गार लागला, नळाखाली धरल्यासारखा.

फोटोची काच पुसताना दिसलं. मी खांद्याचा तुकडा घेतला होता, तळहाताएवढा. आता ह्यांच्या हाताखाली कोपरापर्यंत बाही आहे.

बाही रिकामी नाही.

सोमवार, १८ मार्च

आज गेल्या गेल्या फाइल उघडली. स्वतःचं कापकाम माणूस विसरत नाही. एवढं मी कापलेलं नाही. ह्यांच्या लेयरमध्ये तिचा अख्खा हात आहे, मनगटावरच्या घड्याळासकट. मग तिचा लेयर उघडला. हाताच्या जागी चौकटी.

सकाळी तिच्या हातून कप पडला. बोटं मिटतच नाहीत. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, नस दबली असेल म्हणाले. टाचणी टोचलेली तिला कळली नाही. तिने त्यांनाच विचारलं, टोचली का.

बुधवार, २० मार्च

ताईला सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ती खाली बसली. तिने एकच गोष्ट विचारली, ज्याचा खांदा आहे ते माणूस जिवंत आहे का.

मग स्वतः माझ्या खुर्चीत बसून तिने दोघांना पुन्हा एका लेयरवर आणलं, एकेक धागा जुळवत. दुपार गेली. चहाही घेतला नाही तिने. म्हणाली, घरी जा, आणि पोरीचा हात हातात धरून बसा.

बसले. दिवेलागणीला बोटं ऊबदार झाली. पोरीने दोन बोटांनी माझी वेणी ओढून दाखवली.

गुरुवार, २१ मार्च

फाइल उघडली तर पुन्हा दोघं वेगळे. जुळवलेलं सगळं सुटलेलं. ह्यांच्याकडे आता लेकीची बाही, वेणी आणि अर्धा गाल आहे.

मी म्हटलं, ह्यांचा लेयर पुसून टाकते. खिळा राहू दे रिकामा. ताईने माझा हात माऊसवरून उचलला. म्हणाली, त्यात तुमच्या लेकीचं जे गेलंय तेही पुसलं जाईल. ताईच्या स्वतःच्या वडिलांनी एकदा पुसला होता असा लेयर. पुढचं तिने सांगितलं नाही. हा स्टुडिओ वडील आणि मोठी बहीण मिळून चालवायचे, असं मात्र खालच्या चावीवाल्याकडून ऐकलं होतं. त्या बहिणीचा फोटो इथे कुठेच नाही.

शुक्रवार, २२ मार्च

शेजारीण आली होती. दारातूनच म्हणाली, लेक कुठे दिसत नाही हल्ली. लेक माझ्या शेजारी उभी होती. तिने शेजारणीला हाक मारली. शेजारीण माझ्याकडेच बघत राहिली.

दार लावलं. लेक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, आई, तुला तरी दिसतेय ना मी.

दिसतेस म्हटलं. डाव्या बाजूने दिसते.

शनिवार, २३ मार्च

भिंतीवरचा फोटो काढून कपाटात ठेवला. उपयोग नाही. फाइल तिथे आहे.

ह्यांचा राग येत नाही. हे वाईट नव्हते कधी, अजूनही नाहीत. धरलं की सोडायचं नाही, एवढंच ह्यांना ठाऊक. एकटं उभं मीच केलं ह्यांना. मागे काही नाही, पायाखाली काही नाही, नुसत्या चौकटी. हाताला जे लागलं ते धरून ठेवलंय. कुणीही धरेल.

मग सुचलं. हात सोडवायचा नाही. हाताला दुसरं काहीतरी द्यायचं—

पोरीला आज चमच्याने भरवलं. आरशासमोरून जाताना ती डोळे मिटून घेते.

रविवार, २४ मार्च

स्टुडिओ बंद. ताईकडून चावी मागून आणली. तिने कशाला ते विचारलं नाही. मला जवळ घेतलं फक्त. वही सोबत आणलीय.

मी त्या फोटोत लांब उभी होते, वाऱ्यात केस आवरत. मला अजून कुणी हात लावलेला नव्हता. माझा लेयर उचलला, सरकवत ह्यांच्याशेजारी आणला. माझा खांदा ह्यांच्या तळव्याखाली.

मग लेकीची लोकर एकेक धागा सोडवली. बाही. वेणी. गाल. सगळं तिच्या लेयरमध्ये परत. ह्यांच्या बोटांनी ओढलं नाही. एकदाही नाही. ओळखलं असावं.

हे आणि मी एका लेयरवर. लेक वेगळी. सेव्ह केलं.

फोन आला. आई, हात हलतोय, म्हणाली. भूक लागलीय, येताना काहीतरी घेऊन ये, आणि मॅडम, लवकर या. मी येते म्हटलं. दुसरं काय म्हणणार—

खांदा गार पडला. आता कोपर. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर बघवत नाही.

वजन ओळखीचं आहे. अंगठा पुढे, बोटं मागे. भीती वाटते. वाटत नाही असं नाही. पण दोन वर्षांनी

खिडकीच्या काचेत बघितलं. खोली दिसते. खुर्ची दिसते. मी

मागची भिंत जातेय. चौकटी—

लेकीला सांगायचं राहिलं. ही वही तिला मिळाली तर. पोरी, खिळ्याला आमचा दोघांचा फोटो लाव. कुणी काही म्हणो, मध्ये कापू नकोस. आम्हाला हात लागलेला आहे, आम्हाला कधी वेग