भिंतीवर अडकलेली पोरगी

लातूर, गुरुवार, दुपार (क्लासला जायच्या आधी)

आदरणीय धम्मदीप काका,

मनापासून जय भीम. काकूलाही जय भीम, आणि तिच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल अशी आशा करते. इकडं मम्मी ठणठणीत आहे आणि मी नीटची जोरदार तयारी करून राहिले (हे वाक्य पप्पांना रोज फोनवर सांगते, त्यामुळं हात आपोआप लिहून गेला).

फोन का केला न्हाई, असं म्हणाल. खोलीत फोन एकच, तो मम्मीजवळ, आणि खोली एवढी लहान की हळू बोललेलं जास्त ऐकू येतं. म्हणून हे पत्र काकूच्या चटणीच्या डब्यात, तळाशी कागद अंथरून त्याखाली ठेवते. मम्मी उद्या डबा नांदेडच्या गाडीत कंडक्टरकडं देणार आहे. रिकामा डबा कोण उघडून बघतंय?

तुम्ही चटणीच्या पिशवीखाली लपवून पाठवलेल्या कादंबऱ्या वाचून झाल्या. 'तुझ्या वयाच्या पोरांसाठी आहेत, मत कळव' म्हणाला होतात, तर कळवते. ह्या पुस्तकांतल्या पोरांना नातेवाईकच नसतात, काका! नायक खिडकीतून उडी मारून घर सोडतो आणि गावात कुणी विचारत न्हाई. आमच्या देगलूरच्या गल्लीत खिडकीतून एक पाय बाहेर टाकला तरी समोरची कस्तुराबाई म्हणेल, कोणत्या गाडीनं चाललीस, जेवलीस का, पप्पांना सांगितलंस का. दुसरं म्हणजे प्रत्येक पुस्तकात एका पोरीच्या मागं दोन पोरं. एक गप्प बसणारा, एक चिडका. दोघांपैकी एकालाही काही कामधंदा न्हाई, आणि तिचं कोण निवडायचं ते ठरता ठरत न्हाई. (आमच्या क्लासला पोरापोरींच्या बॅचाच वेगळ्या आहेत, त्यामुळं हा त्रास न्हाई.)

पण ती भिंतीच्या शहराची कादंबरी! मागच्या पानावर छापलंय, 'भविष्यातल्या एका क्रूर जगाची कहाणी.' आत काय, तर एक परीक्षा, त्यावर सगळ्या पोरांचं आयुष्य ठरतं. सगळ्यांना एकच गणवेश. दर सोमवारी भिंतीवर नंबर लागतात. मार्क घसरले की मागच्या हॉलमध्ये बसवतात. काका, ह्यात क्रूर काय आहे ते मला अर्धं पुस्तक होईपर्यंत कळलंच न्हाई. वर त्यांना रविवारी सुट्टी असते! माझ्या बाकावरच्या शिल्पानं तर विचारलं, तिथं ॲडमिशन कसं मिळतं.

घोटाळा त्याच पुस्तकानं केला. मी त्याला खाकी कव्हर घालून वर मोठ्या अक्षरात 'वनस्पतिशास्त्र' लिहिलं होतं. मम्मीला माझी उजळणी घ्यायची भारी हौस. मी क्लासला गेल्यावर तिनं प्रश्न काढायला म्हणून तेच उचललं. परत आले तर खोलीत करपल्याचा वास, आणि मम्मी पुस्तकात. मान वर न करता म्हणाली, "प्रिया, ही पोरगी भिंतीवर चढून राहिली, हिच्या मायला माहीत हाय का?" मी म्हणाले, वनस्पतिशास्त्रात तसंच असतं. "हाव का?" म्हणाली, आणि पान उलटलं.

रागावेल वाटलं होतं, पण ती भाषेवर अडकली. कुणाचं भाषांतर आहे कोण जाणे, पण त्यात माणसं सारखी खांदे उडवतात. नायिकेच्या पोटात फुलपाखरं उडाली, तर मम्मी म्हणाली जंताचं औषध द्या म्हणावं. शेवटी पुस्तक माझ्याकडं देऊन म्हणाली, आपल्या भाषेत सांग बरं. ह्या बिल्डिंगमध्ये माझ्या मम्मीसारख्याच पोरांना रांधून घालायला गाव सोडून आलेल्या साऱ्या मम्म्या आहेत. संध्याकाळी त्या गॅलरीत डाळ निवडत बसतात. मी तिथंच वाचत गेले आणि भाषा बदलत गेले. भिंतीवरचा पहारेकरी एसटीच्या चेकरासारखा बोलायला लागला, चिडका नायक देगलूरच्या बाजारातलं तेलुगू मिसळून भांडायला लागला. निलंग्याच्या महादेवीकाकू हसून हसून "अय्यो, अय्यो" करत भिंतीला टेकल्या.

मग नायिकेच्या मैत्रिणीला मागच्या हॉलमध्ये हलवतात तो भाग आला, आणि महादेवीकाकू रडायलाच लागल्या. त्यांच्या मल्लेशला त्याच आठवड्यात खालच्या बॅचला टाकलंय. तो तेव्हापासून धड जेवत न्हाई. मी थांबले. मग त्याच डोळे पुसून म्हणाल्या, वाच गं पुढं, ती पोरगी काय करते बघू.

काका, त्या संध्याकाळी मला जेवढं बरं वाटलं तेवढं लातुरात आल्यापासून कधी वाटलं न्हाई. खरंच सांगते.

असो. पुस्तक संपलं तेव्हा ती पोरगी भिंतीवरच बसलेली आहे, अलीकडं उतरावं का पलीकडं ते न ठरवता. असं अर्धवट सोडणाऱ्या लेखकाला क्लासला बसवलं पाहिजे. सगळ्यांची आठवण काढते.

तुमची पुतणी,
बुद्धप्रिया

ता. क. – पप्पा रविवारी येऊन राहिले, क्लासचं पुढच्या वर्षाचं ॲडमिशन घ्यायला. काका, मला तिसऱ्यांदा नीट द्यायची न्हाई. मला नांदेडला तुमच्याजवळ राहून बी.ए. करायचंय आणि अशी पुस्तकं माणसांच्या भाषेत आणायचीत. तुम्ही या आणि पप्पांना सांगा. मम्मीला ह्यातलं काही माहीत न्हाई. तिनं माझ्यासाठी घर सोडलंय, तिला कोणत्या तोंडानं सांगू?

ता. क. २ – पप्पा चिडले तर त्यांना त्यांचंच जयंतीचं भाषण ऐकवा. 'पोरांनो, मिळेल ते वाचा' असं ते दर वर्षी माईकवर सांगतात.

भाऊजी, जय भीम. मी प्रियाची मम्मी. डब्यात धपाटे भरायला गेले, तर हे निघालं. एवढी शिकली, पण डबा रिकामा परत देत न्हाईत, हे पोरीला ठावं न्हाई. वाचून लई राग आला. नीटचा न्हाई, आधी तुम्हाला सांगितलं ह्याचा. रविवारी ह्यांच्याशी मीच बोलते. तुम्ही मधी पडू नका, भावाभावांत वाकडं नको. मी वाचलं हे तिला सांगू नका. तिनं मला तोंडानं सांगावं म्हणून शनिवारपर्यंत वाट बघते. तुम्ही तिच्या राहायची सोय बघा, अन् त्या पुस्तकाचा दुसरा भाग धाडा. महादेवीकाकू रोज इचारून राहिल्या, पोरगी उतरली का म्हणून. अन् चटणीखाली घालू नका, पानाला तेल लागतं. वरच ठेवा.